ड्रमातला टारफुला

माय, तुला मी कधी कागदावर काही लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं असं नव्हे, चौथीपर्यंत शिकली होतीस, विहारात बायांना मोठ्यानं वाचून दाखवायचीस. पण आपण एकाच खोलीत राहत होतो, पत्र कोण कुणाला पाठवणार? आता तू जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी लिहायला बसले, तेही कशाबद्दल तर टारफुल्याबद्दल. तू असतीस तर कपाळावर हात मारून घेतला असतास. जे तण उपटण्यात तुझी बोटं वाकडी झाली, तेच तण तुझी पोरगी घराच्या मागं निळा ड्रम अर्धा कापून, त्यात ज्वारी पेरून मुद्दाम उगवून राहिली होती. तुझा जावई आल्यागेल्याला सांगायचा, आमच्याकडे गुलाब आहे, मोगरा आहे आणि एक बिमारी आहे. मी त्याला काही म्हणत नसे, कारण त्याला सगळं सांगितलेलं नाही. तुला सांगते. फार्मवरची तुझी रोजी गेली ती तुझ्या हातून गेली की माझ्या, एवढंच मला बघायचं होतं.

ज्याला माहीत नाही त्याला ते फूल आवडतंच. आमच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये नव्या पोरी आहेत, त्यांना मी मोबाइलवर फोटो दाखवला. वीतभर उंचीचं काडीसारखं रोप आणि त्याला पांढरी फुलं, करंगळीच्या नखाहून लहान. एक म्हणाली, "किती क्यूट आहे मॅडम, नर्सरीत भेटते काय?" मी म्हटलं, नर्सरीवाल्यानं हे विकलं तर शेतकरी त्याला बदडतील. याची मुळं जमिनीखाली ज्वारीच्या मुळाला तोंड लावतात आणि तिचंच पितात. वर पाणी भरपूर, तरी ज्वारी मान टाकून उभी, आणि का ते कळेपर्यंत हा बाजूला पांढरा फुललेला. पावसाळ्यात येतो, दिवाळीच्या मागंपुढं वाळतो, एका सालाचं आयुष्य. पण जाताना जे बी टाकतो ते तपकिरीसारखं बारीक असतं, आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं, ज्वारीचं मूळ जवळ येईपर्यंत. हे सगळं मी पोरींना मोठ्या रुबाबात सांगितलं. कुणाकडून शिकले ते नाही सांगितलं.

तुझा तो सरकारी फार्म आता नाही, माय. कामठी रस्त्याच्या त्या बाजूला फ्लॅट झालेत, खाली मोबाइलची दुकानं. मी तिथून जाते तेव्हा मात्र मला अजून दोन तुकडेच दिसतात. एक टारफुल्याचा. तिथं साहेब लोक तो मुद्दाम वाढू द्यायचे, ज्वारीची कोणती जात त्याला पुरून उरते ते बघायला. दुसरा चोखा तुकडा, त्यातलं कणीस बियाण्याला जायचं, म्हणून तिथं टारफुल्याचं एक रोपसुद्धा चालत नसे. मधून बैलबंडीची वाट आणि वाटेवर सिमेंटचं टाकं. टारफुल्याच्या तुकड्यातून निघालेल्या बाईनं टाक्यावर घोट्याच्या वरपर्यंत पाय धुवायचे, निऱ्या सोडून लुगडं झटकायचं, मगच चोख्या तुकड्याकडं बघायचं. आणि पोरं आणायची नाहीत. पोर हातात काय घेईल आणि कुठं टाकेल याचा भरवसा नाही म्हणून. हा नियम तू मला इतक्या वेळा सांगितला होतास की मला तो पाढ्यासारखा पाठ होता.

आणि तरी त्या दिवशी तू मला नेलंस. माझी सहामाही परीक्षा संपली होती, शाळेला सुट्टी, आणि शेजारीण माहेरी गेलेली, मला ठेवणार कुठं? मी चौथीत आहे. तू उन्हासाठी माझ्या डोक्याला जुन्या लुगड्याचा फडका बांधला आहेस आणि टारफुल्याच्या तुकड्याच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीच्या आड मला बसवलं आहेस. "हालजो नोको. साहेबानं पाह्यलं तं आजच घरी बसवन मले." तू आत वाकून रोपं मोजून राहिलीस आणि मी धुऱ्यावर एकटी. समोर सगळी पांढरी फुलं. वर्गातल्या पोरी वेणीत शेवंती घालून यायच्या, मला कधी नसायची. मी पाच-सहा काड्या तोडल्या, वेणीच्या पेडांत खोचल्या आणि वरून फडका परत बांधला, कुणाला दिसू नये म्हणून. दुपारी साहेबांनी तुला चोख्या तुकड्यात बोलावलं, तिथलं काम मागं पडलं होतं. तू टाक्यावर थांबलीस, मला पुढं पिटाळलंस, "त्या ओळीत जाऊन बस, खाली मान घालून." मी गेले. ज्वारी माझ्या दुप्पट उंच, आत गार सावली. मी आडवी झाले आणि मला झोप लागली. जागी झाले तेव्हा फडका बाजूला पडलेला होता आणि केस मातीत लोळत होते. तू टाक्यावर पाय धुतलेस की नाही, ते मी पाहिलं नाही. हाच एवढा प्रश्न मी पंचेचाळीस वर्षं सांभाळून ठेवला.

पुढच्या साली चोख्या तुकड्यात टारफुला निघाला. सगळीकडं नाही, एका ओळीत, एक पोर आडवं होईल एवढ्या जागेत. त्या ओळीवर मागच्या साली तू होतीस आणि तुझी ती मैत्रीण, जी आता कन्हानला राहते आणि जिला मी मावशी म्हणायचे. मावशी त्या दिवशी सकाळपासून चोख्या तुकड्यातच होती, त्या तुकड्यातून या तुकड्यात आलेली एकटी तू. तुकड्यावरची सगळी ज्वारी बियाण्यातून बाद झाली, जाळून टाकली. तुम्हा दोघींची नावं परमनंटच्या यादीत गेली होती, ती निघाली. तुला कामावरूनच काढलं. साहेब म्हणाले, पाय धुतले नाहीत, कबूल करा. आधी तू म्हणालीस, "धुतले साहेब." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणालीस, "नसन धुतले." हे मला कसं माहीत? त्या संध्याकाळी मावशी आपल्या दारात उभी राहून, साहेबांपुढचं सगळं बोलून दाखवत ओरडत होती, म्हणून. "दोन मिनिटं लागत होते वं पाय धुवाले. माह्या लेकराच्या तोंडातला घास काढला तू." तू चुलीपुढं बसून होतीस आणि ऐकत होतीस. मी तुझ्या मागं बसले होते आणि मीही ऐकत होते. मावशी त्यानंतर आपल्याकडं आली नाही.

मग तू भांडी घासायला लागलीस, पाच घरची, मी बारावी होऊन लॅबचा डीएमएलटी कोर्स करेपर्यंत. त्याचं मी काय लिहू, तुला ठाऊक आहे. एकच सांगते. तुझे शेवटचे आठ दिवस मी वॉर्डात तुझ्या उशाशी बसले होते. आपण रेशन कार्डाबद्दल बोललो, नळाच्या पाण्याबद्दल बोललो, समोरच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेची तर आपण यथेच्छ निंदा केली. टारफुल्याचं नाव काढलं नाही. मला वाटायचं, माय थकली आहे, आता कशाला. असं मी प्रत्येक वेळी काहीतरी शोधून काढायचे.

दोन वर्षांपूर्वी लॅबचं शिबिर होतं, नरखेड तालुक्यातल्या एका गावात. तिकडं आता संत्री, मोसंबी, कापूस. ज्वारी कोण पेरतं? पण बैलांच्या कडब्यासाठी एकानं संत्र्याच्या बागेच्या कडेला थोडी ठेवली होती. मी जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला गेले आणि धुऱ्यावर तीच पांढरी फुलं. माय, मी तिथंच खाली बसले. सोबतच्या पोरीला वाटलं मॅडमची शुगर कमी झाली, ती बिस्किटं घेऊन धावत आली. बिस्किट खाताखाता मला सुचलं की हे तर बघता येईल. वर फूल असलेली काडी पोरीनं केसात घातली आणि ती मातीत झोपली, तर पुढच्या साली तिथं टारफुला निघतो की नाही? आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट आल्याशिवाय आम्ही कुणाला बिमार म्हणत नाही. मग मी स्वतःला एवढी वर्षं कोणत्या रिपोर्टवर गुन्हेगार म्हणत होते, आणि कधी कधी तुला? मी सहा काड्या तोडल्या आणि लघवीचा नमुना घेतात त्या झाकणाच्या डबीत घातल्या. दुसरं काही जवळ नव्हतं.

शेजारच्या प्लॉटवर घराचा पाया खोदून राहिले होते. खोल खड्ड्यातली माती, जिनं ज्वारी कधी पाहिली नसेल, ती मी आणवली आणि दोन ड्रम भरले. एका ड्रमाला काहीच करायचं नाही, नुसता ताडून बघायला. दुसऱ्या ड्रमापुढं मी स्टूल घेतलं, फुलं वेणीत खोचली आणि मातीवर डोकं टेकवून बसले. तुझा जावई अंगणात आला. "काय करून राहिली तू? डोकं दुखून राहिलं काय?" मी म्हटलं, "अर्धा तास माझ्याशी बोलू नका." तो चहाचा कप हातात धरून तिथंच उभा राहिला, मग खुर्ची आणून बसला आणि खरंच अर्धा तास बोलला नाही. चांगला माणूस आहे गं तो. मी मातीला कान लावून होते आणि मला तुझ्या विळ्याचा, तुझ्या बांगड्यांचा आवाज आठवत होता. मी रडले, पण ते त्याला दिसलं नाही.

पावसाळा लागला तशी दोन्ही ड्रमांत ज्वारी पेरली. खड्ड्यातली माती म्हणजे नुसता मुरूम, ज्वारी पिवळी पडायला लागली. मी नर्सरीतून गांडूळखत आणून दोन्हींत सारखं घातलं. ज्वारी तरारली, माझ्या डोक्याच्या वर गेली. शेजारीण भिंतीवरून म्हणायची, "भाभी, हुरडा पार्टी कब?" मी रोज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी वाकून बघायचे. भादवा गेला, दसरा गेला, दिवाळी झाली. एका ड्रमात नाही आणि दुसऱ्यातही नाही. एक काडी नाही. माय, मी ज्वारीजवळ उभी राहून हसले. लॅबमध्ये बालूशाही नेली, पोरींना म्हटलं, असंच. मी सुटले होते. आणि त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला तुझा राग यायला लागला. म्हणजे तूच. तूच घाईत तशीच आलीस, आणि कबूलही केलंस, आणि तुझ्या दोन मिनिटांच्या आळसापायी मी आयुष्यभर स्वतःला खात बसले. तुझ्या फोटोवरची धूळ मी महिनाभर पुसली नाही. भीमजयंतीला सगळ्या घराला चुना लावला, तुझ्या फोटोची भिंत तुझ्या जावयाला सांगितली.

पण मला तुझी चूक कुणाच्या तोंडून ऐकायची होती, पक्की. म्हणून मी कन्हानला गेले. मावशी आता लेकाकडं असते, ऐंशीच्या पुढं गेली, डोळ्यांना कमी दिसतं, पण मी "जयभीम मावशी" म्हणताच आवाजावरून म्हणाली, "तू तिची पोट्टी नव्हं?" सुनेनं चहा मांडला. मी सरळच विचारलं, मायनं पाय धुतले नाहीत हे तू डोळ्यानं पाहिलं होतंस काय?

"नाई पाह्यलं. पण तिकडून इकडं आलती ती एकटीच ना वं. आन् तिनं सोताच कबूल केलं साहेबासमोर. मंग म्या कायले शंका घ्याव?" मग ती माझ्याकडं तोंड करून बसली. "आज काहून इचारून राहिली?"

मी सांगितलं, पण सगळं नाही. त्या दिवशी मी तिथं आले होते, त्या ओळीत झोपले होते, केसात काहीतरी खोचलं असेल बहुतेक, लहान होते. आणि ड्रमाचं सांगितलं. मावशीला मी तिथं होते हेच माहीत नव्हतं.  मग तिनं काय विचारावं? "ड्रमात खत टाकलं काय?"

"थोडंसं. गांडूळखत."

"हात्तिच्या. मंग कसा येईन? टारफुल्याले भुकी जमीन लागते. पोट भरलेल्या जमिनीत तो डोकं वर नाई काढत. तुह्या मायले इचारलं असतं तं तिनंई हेच सांगतलं असतं." ती हसली, मग हसायची थांबली. "बिना खताची पेर येत्या साली, त्याच मातीत. बी असन तं जाते कुठं? आन् उगवला तं मले सांगजो. मी तिच्याशी बोलली नाई वं मंग कधी. मयतीलेई नाई आली. मले समजलं पाह्यजे, मी कोणावर रागावली ते." मी हो म्हटलं. तिनं माझा हात धरून ठेवला होता, तो सोडवून घ्यायला मला वेळ लागला.

यंदा मी त्याच दोन ड्रमांत परत ज्वारी पेरली. काही घातलं नाही, नुसतं पाणी. मागच्या पिकानं मातीत होतं ते सगळं खाऊन टाकलं होतं, ज्वारी रोडकी, पिवळट, कमरेएवढी. शेजारीण म्हणाली, "इस साल क्या हुआ भाभी?" मी म्हटलं, उपास आहे तिला. पोळ्याच्या आठ दिवस आधी दुसऱ्या ड्रमातली ज्वारी पाणी असून मान टाकायला लागली आणि मला समजलं. बोटानं उकरून बघायची गरज नव्हती, पण मी बघितलं. मग टारफुला वर आला. तीन रोपं, हिरवी, खरखरीत, आणि पंधरा दिवसांत पांढरी फुलली. ज्या ड्रमावर मी डोकं टेकवलं होतं त्यातच. शेजारच्या ड्रमात एकही नाही. असा स्वच्छ रिपोर्ट आमच्या लॅबमध्येसुद्धा क्वचित येतो.

मी खुर्ची घेऊन बसले आणि काडी जवळून पाहिली. टारफुला खालून वर फुलत जातो, माय. शेंड्याला फूल ताजं असतं तेव्हा खालची बोंडं पिकून फुटायला आलेली असतात. मी एक बोंड तळहातावर चोळलं तर काळी धूळ निघाली. आणि ती धूळ बघताना मला तुझा तळहात आठवला. मला फार्मवर नेलंस त्या संध्याकाळी घरी आल्यावर तू माझा फडका सोडलास आणि थांबलीस. वेणीतून एकेक काडी काढलीस, दाराशी उजेडात नेलीस आणि खालचं बोंड असंच तळहातावर चोळलंस. मग काड्या चुलीत, केर काढून केर चुलीत, फडकाही चुलीत. रविवार नव्हता तरी मला मोरीवर बसवून थंड पाण्यानं माझं डोकं घासलंस, इतकं की मी रडायला लागले. मी इतकी वर्षं समजत होते की उवा झाल्या होत्या. त्यानंतर तू मला केसात फूल कधी घालू दिलं नाहीस, लग्नातसुद्धा गजऱ्यावरून वाद झाला आणि सासूबाईंना वाटलं आपल्यात चालत नाही.

म्हणजे तुला त्याच संध्याकाळी माहीत होतं. पाय तू धुतले होतेस. नियम तू पाळला होतास, मला आणलंस एवढं सोडून. आणि साल उलटल्यावर साहेबांनी विचारलं तेव्हा तू थोडा वेळ गप्प राहिलीस ना, त्या वेळात तू ठरवलंस. पोर आणली होती हे सांगायचं नाही, पोरीचं नाव घ्यायचं नाही. मला हे समजलं तेव्हा मी तुला देवी वगैरे मानलं असेल असं वाटतं तुला? मला परत तुझा राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन तू साहेबांना सांगितलं असतंस, तर ती हातभर जागा खणून माती जाळता आली असती. रोजी तुझी तेव्हाही गेली असती, पण मावशीला झळ लागली नसती. तिचं नाव यादीत राहिलं असतं. तू मला वाचवलंस आणि तिला बुडवलंस, आणि मग तिच्या शिव्याही चुलीपुढं बसून मुकाट ऐकल्यास. मला वाटलं होतं, निकाल लागला की एक जण तरी मोकळी होईल. आता मला तुझा राग येतो, स्वतःची लाज वाटते आणि तुझी आठवण येते, आणि हे तिन्ही एकदमच होतं, भाजी चिरताना, बसमध्ये, कुणाची शीर शोधताना. सुई हातात असताना मन असं भलतीकडं जाऊ नये, माय. परवा एका म्हाताऱ्या बाईला मी दोनदा टोचलं.

रोपं बी टाकायच्या आत उपटून जाळायची हे मला कळतं, तुझीच पोरगी आहे. मंगळवारी सकाळी मी तेच करायला मागं गेले आणि फोन वाजला. मावशीच्या लेकाचा नंबर. पलीकडून मावशी, फोनवर ओरडूनच बोलते.

"आला काय वं टारफुला?"

तीन रोपं माझ्यापुढं होती, फुललेली. मी म्हटलं, "नाही आला मावशी."

"दोनी ड्रमात नाई?"

"दोन्हीत नाही."

"खत नाई ना टाकलं?"

"नाही टाकलं."

  ती म्हणाली, "मंग तिनंच नसन धुतले पाय. घाईत असन बिचारी, तुले घेऊन आलती, जीव थाऱ्यावर नसन. जाऊ दे. लय दिवस धरून ठेवलं म्या मनात. आता माफ केलं तिले."

मी म्हटलं, "बरं झालं मावशी."

फोन ठेवल्यावर मी रोपं उपटली, ज्वारीही उपटली, अंगणात सगळं जाळलं. धूर शेजारी गेला म्हणून शेजारणीनं खिडकी लावून घेतली. मी स्वतःला किती कारणं सांगितली. मावशी म्हातारी आहे, तिला धक्का बसेल. तुझी कबुली खोटी होती हे कळलं तर तुझ्यावर जास्तच रागावेल. तिनं माफ केलं ना, मग झालं. सगळी कारणं चांगली आहेत, आणि एकही खरं नाही. खरं एवढंच की पाचवीत तुझ्या मागं बसून मी गप्प राहिले होते, आणि पंचावन्नाव्या वर्षी बोलायची वेळ आली तेव्हा मी गप्पही नाही राहिले, खोटं बोलले. तू न केलेल्या चुकीची माफी मी तुझ्या वतीनं घेऊन टाकली.

हे सगळं तुला लिहिताना मला अजिबात भीती वाटली नाही. हा कागद कुठं टाकणार, कपाटात तुझ्या लुगड्याखाली राहील. ज्या एका बाईला हे सांगायला पाहिजे, ती अजून जिवंत आहे, आणि कन्हानची बस आमच्या चौकात थांबते. आज रविवार होता, मला सुट्टी होती. सकाळी मी साडी बदलली, पर्स घेतली, चौकापर्यंत गेले. बस आली आणि गेली, मी कोथिंबीर घेऊन परत आले.